अंकासोबत एक नमुना

आमच्या आत्याला गल्लीत सगळे संपादकबाई म्हणतात. तोंडावर आदराने म्हणतात आणि तिची पाठ फिरली की थोडं हसून म्हणतात. हसण्यासारखं आहेच. तिचं कार्यालय म्हणजे तिच्या दोन खोल्यांतली मागची खोली. तिथे एक लांब टेबल, त्यावर डिंकाची बाटली, सुतळीचा गुंडा, पत्त्यांच्या चिठ्ठ्या आणि भिंतीला लागून लोकरीच्या लडींनी गच्च भरलेली कपाटं. कर्मचारी म्हणजे मी, तेही सुट्टीच्या दिवशी आणि बिनपगारी. एरवी मी औषधांच्या दुकानात उभी असते. तिथे निदान कुठली गोळी कुठल्या खणात हे ठरलेलं असतं.

आत्या विणकामाचं त्रैमासिक काढते. पातळसा अंक, आत दोन-चार स्वेटरांच्या कृती, वाचकांच्या शंका आणि लोकर धुवावी कशी यावर आत्याचा एक लेख, जो ती दर वर्षी थोडा फिरवून पुन्हा छापते. असे अंक पुष्कळ निघाले आणि बंद पडले. हिचा टिकला तो शेवटच्या पानामुळे. त्या पानावर खरा विणलेला तुकडा चिकटवलेला असतो, तळहातात मावेल एवढा, चारी कोपऱ्यांना डिंकाचा ठिपका. आत्याचं म्हणणं असं की विणकाम ही बघायची गोष्टच नाही, हाताला कळायची गोष्ट आहे. दोन-अडीचशे वर्गणीदार, तेवढेच तुकडे. ते आजूबाजूच्या बायका विणून देतात. त्यात माझी आईही आहे, आणि ती प्रत्येक तुकड्यामागे एकदा नणंदेच्या नावाने कपाळाला हात लावते.

एक तुकडा मात्र आत्या स्वतः विणते. तो ती कुणाला विणायला देत नाही. तो वेगळा, पत्र्याच्या छोट्या डबीत ठेवलेला असतो आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या संपत आल्या की डबी उघडून माझ्यापुढे सरकवते. तो थोरलीचा.

थोरली म्हणजे माझी मोठी आत्या, हिची सख्खी बहीण. दूरच्या गावी असते. दोघींचा अबोला माझ्या परकराच्या वयापासूनचा आहे, आणि त्याचं कारण सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. पहिल्या अंकात हिने पानांच्या वेलीचा नमुना छापला, खाली स्वतःचं नाव घालून. थोरलीचं म्हणणं, वेल माझी. मी बसवली, मी हिला शिकवली. हिचं म्हणणं, शिकवलीस ती वेगळी, ही माझी. दोघी एकाच घरात, एकाच खिडकीत बसून विणायला शिकलेल्या. कुणाची वेल कुठे संपली आणि कुणाची सुरू झाली हे देवालाही सांगता आलं नसतं. पण थोरलीने निरोप पाठवला की आता बोलायचं काही उरलं नाही. हिने उलट निरोप पाठवला की पत्र आधी तिचं येईल तेव्हाच माझं जाईल. झालं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

गंमत पुढेच आहे. महिन्याभरात थोरलीची वर्गणी आली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, नुसती वर्गणी आणि पत्ता. घरात सगळे म्हणाले, ही आता काय काय चोरते त्यावर नजर ठेवायला घेतलीय. आत्यानेही तेच म्हटलं आणि पुढच्या अंकापासून तिचं नाव यादीत घातलं. तेव्हापासून दर वर्षी न चुकता वर्गणी येते आणि दर तीन महिन्यांनी न चुकता अंक जातो. बाबा होते तोवर दोन्हीकडच्या बातम्या त्यांच्यामार्फत इकडून तिकडे जायच्या. मधला भाऊ म्हणजे दोन्हीकडून मार खायचा, असं ते म्हणायचे. ते गेले आणि तो रस्ता बंद झाला. थोरली कशी आहे, तिचं काय चाललंय, यातलं आम्हाला काही म्हणजे काही कळेनासं झालं. मीही गेले नाही. गेले असते तर परत आल्यावर हिने मला दारात उभं केलं असतं का, याची खात्री नव्हती. दोन घरांमधून जाणारी वस्तू एकच उरली होती, तो अंक.

म्हणून एक गोष्ट मला फार लागायची. थोरलीच्या तुकड्यात चूक असायची. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी सहज म्हटलं, "आत्या, यात एक टाका उलटा पडलाय." तिने बघितलंही नाही. "असू दे. तोच लाव," म्हणाली. पुढच्या अंकाला पुन्हा तेच, निराळ्या ओळीत. त्याच्या पुढच्याला पुन्हा. शेजारणींच्या तुकड्यातला एक टाका इकडचा तिकडे झाला तर ही सगळा तुकडा उसवायला लावते, आणि सख्ख्या बहिणीच्या नशिबी नेमका चुकलेला. मला वाटलं, खराब माल तिच्या माथी मारण्यात हिला सुख आहे. इतक्या वर्षांनीही. मी गप्प बसून डिंक लावायचे आणि मनात म्हणायचे, बाई, तू माझी आत्या आहेस म्हणून, नाहीतर.

एकदा मात्र ती स्वतःहून थोरलीबद्दल बोलली होती. लडी सोडवता सोडवता म्हणाली की लहानपणी थोरली फार शिष्ट होती. हिचं विणून झालं की थोरली ते हातात घ्यायची, डोळे मिटायची, नुसती बोटं फिरवायची आणि चूक कुठे आहे ते सांगायची. "कधी हुकली म्हणून नाही," आत्या म्हणाली. हे ती रागाने सांगत होती की कौतुकाने, मला तेव्हाही कळलं नाही.

आता पोस्टाचं. आमच्या अंकाची नोंदणी नियतकालिक म्हणून आहे. म्हणजे तो ठरल्या मुदतीत, ठरल्या पोस्टातूनच टाकावा लागतो, आणि त्या बदल्यात त्याला सवलतीचा दर. मुदत चुकली की नोंदणी जाते, आणि नोंदणी गेली की आत्याच्या अंकाने राम म्हटलाच. तिथले जुने कारकून गठ्ठे बघून "संपादकबाई, आलात का," म्हणायचे आणि शिक्के मारायचे. आत काय आहे हे त्यांनी कधी बघितलं नाही आणि आम्ही कधी दाखवलं नाही. ते निवृत्त झाले आणि खिडकीत नवे कारकून आले. यांच्या खिशात प्लास्टिकची मोजपट्टी असायची आणि ते प्रत्येक पाकिटाची जाडी मोजायचे. आत्याने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मोजपट्टी ठेवलं.

मोजपट्टींनी गठ्ठ्याच्या मधूनच एक अंक उपसला, मोजला, कपाळाला आठी घातली आणि शेवटचं पान उघडलं. हे काय, म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, नमुना. ते म्हणाले, मग हे नियतकालिक नाही. नियतकालिक म्हणजे छापील कागद, यात वस्तू आहे. बरं, मग हे काय आहे, असं आत्याने विचारलं. त्यावर मोजपट्टींनी तो तुकडा दोन्ही बाजूंनी मोजून बघितला. माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं, आणि न कळता शिक्का मारायची त्याला सवय नव्हती.

त्या दिवशी आम्ही खिडकीसमोर इतका वेळ उभ्या होतो की मागची रांग विरून गेली. मी विचारलं, बुकपोस्टाने जाईल का. बुकपोस्ट म्हणजे पुस्तक, ते म्हणाले, आणि पुस्तकात लोकर कुठे असते. नमुना म्हणून एक वेगळाच वर्ग आहे म्हणे. मला हायसं वाटलं, नाव तरी तेच होतं. पण तो वर्ग व्यापाऱ्यांचा. त्यात काय माल विकता ते लिहून द्यायचं. आत्या म्हणाली, मी काही विकत नाही. मग नमुना कशाचा, त्यांनी विचारलं. राहिलं पार्सल. ते घेणाऱ्याने सही करून घ्यायचं असतं. आत्याने तिथल्या तिथे मान हलवली. माझ्याकडून आलेल्या वस्तूवर ती सही करायची नाही, असं पुटपुटली. मोजपट्टींना वाटलं सगळे वर्गणीदार असेच आहेत. ते आणखी गोंधळले.

शेवटी ते म्हणाले, "पत्र म्हणून काहीही जातं, बाई. पाकीट बंद करा, पत्राचं तिकीट लावा. आत काय आहे ते मी बघणार नाही."

मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा झाला होता. गठ्ठे उचल, म्हणाली.

वाटेत मी तिला समजवायला गेले, आणि तिथेच चुकले. मी म्हटलं, सगळ्यांना पत्राने पाठवणं परवडणार नाही हे खरं, पण बाकीच्यांना नमुना नसला तरी चालेल. थोरलीचा एक तेवढा पत्राने पाठव, तिकिटाचं मी बघते. ती रस्त्यात थांबली. माझ्या अंगावर सहसा ओरडत नाही, तेव्हाही ओरडली नाही. "पाकिटावर पत्राचं तिकीट बघितलं की ती काय म्हणेल?" एवढंच तिने विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "म्हणेल, शेवटी हीच नमली."

मी म्हटलं, आत तर नुसता अंक असेल, एक ओळ लिहिलेली नसेल. ती म्हणाली, तरी पत्रच ते. मी म्हटलं, मग आजवर जात होतं ते काय होतं. ती म्हणाली, तो अंक होता. मला वाटतं याच क्षणी माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. मी दिवसभर औषधांच्या नावांशी झगडते, सारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्या ओळखते, पण एकच वस्तू एका तिकिटाने माघार आणि दुसऱ्या तिकिटाने नुसता अंक कशी होते, हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

आत्या हार मानणारी नव्हती. पुढच्या सुट्टीला मी गेले तर डिंकाची बाटली कोपऱ्यात आणि ही दाभण घेऊन बसलेली. तुकडे चिकटवायचे नाहीत, अंकाच्या घडीत पानांबरोबर शिवून टाकायचे. पानांबरोबर शिवलं की ते पान झालं, आणि पान झालं की नियतकालिक. मला हे पटलं, यावरून माझी अवस्था ओळखा. आम्ही एक अंक तसा शिवून मोजपट्टींना दाखवायला नेला. त्यांनी तो उलटसुलट केला, शिवण ओढून बघितली, मनापासून वाखाणली आणि म्हणाले, पानावर छापलेलं असायला हवं. दोन दिवसांनी आत्याने छापखान्यातून कापडी पट्टीवर पानाचा आकडा छापून आणला आणि तुकड्याच्या कोपऱ्याला टाचला. आता मोजपट्टी अंक घेऊन आत पोस्टमास्तरांकडे गेले.

पोस्टमास्तरांनी नियमांचं जाड पुस्तक काढलं. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. जोडलेले, चिकटवलेले, बांधलेले असे शब्द त्यात होते, विणलेले असा शब्द नव्हता. एक पान वाचून ते म्हणाले, जाईल. पुढचं वाचून म्हणाले, नाही जाणार. मग पुन्हा पहिलं वाचलं आणि म्हणाले, मोघम आहे. मोजपट्टी खांद्यावरून वाकून वाचत होते, त्यांनी तळटीप दाखवली. तळटीप तिसरंच काही सांगत होती. बाहेर तिकिटाला रांग लागली आणि आत आम्ही चौघं त्या विणलेल्या चौकोनाभोवती बसून तो पान आहे, माल आहे की पत्र आहे यावर चर्चा करत होतो. त्या तुकड्याला बोलता आलं असतं तर एव्हाना त्याने शरणागती पत्करली असती.

शेवटी पोस्टमास्तरांनी वर विचारणा केली. वरून उत्तर आलं, सदर वस्तू योग्य त्या वर्गाने पाठवावी.

तोवर मुदत संपत आली होती. छापखानेवाल्यांनी सुचवलं, तुकड्याचा फोटो छापा, आता फोटो इतके छान येतात की धागा न् धागा दिसतो. माझी आई म्हणाली, सुटले बाई. मीही म्हटलं, आत्या, एवढ्या वेळेला कर. अंकच बंद पडला तर थोरलीला काय जाणार? तिने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणाली की मला भीती वाटली.

अंक गेला. मोजपट्टींनी प्रत्येक गठ्ठा मोजला आणि आनंदाने शिक्के मारले. माणसाचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. आत्या मात्र घरी येऊन मागच्या खोलीत बसली ती बसलीच. थोरलीचा तुकडा पत्र्याच्या डबीतच राहिला होता. मी डबी उघडून बघितली. चूक होती, ठरल्याप्रमाणे. मी चिडून म्हटलं, बरं झालं नाही गेला, निदान या खेपेला तिला चुकलेलं तरी मिळालं नाही. आत्याने डबीचं झाकण लावलं. तिचे डोळे भरलेले आहेत हे दिसलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि का झालं तेही कळेना. मी काय वाईट बोलले होते?

त्यानंतर ती मला हरवल्यासारखी वाटायला लागली. पुढच्या अंकाच्या कृती आल्या होत्या, त्या तिने उघडल्या नाहीत. एकदा म्हणाली, नोंदणी सोडून देते, पुरे झालं. लोकर धुण्याचा लेख या वर्षी तू लिही, असंही म्हणाली. कपाटांपैकी एक तिने रिकामं करून लडी शेजारणींना वाटल्या.

वर्गणीदारांच्या तक्रारी येत होत्या. नमुना कुठे, म्हणून कुणी पत्र पाठवलं, कुणी फोन केला. मी सगळ्यांना पोस्टाचे नियम सांगायचे. सांगता सांगता माझे मलाच पटेनासे व्हायचे. अशाच एका दुपारी मी तिथे असताना फोन वाजला. आत्याचे हात लोकरीच्या फेसात होते. मी उचलला. एका बाईंनी संपादक आहेत का, म्हणून विचारलं. मी नेहमीचं सुरू करणार तेवढ्यात थबकले. तो आवाज आत्याचा होता. जरा खोल, जरा थकलेला, पण आत्याचा. आत्या तर माझ्यासमोर हात पुसत उभी होती.

मी फोनचा स्पीकर लावला आणि टेबलावर ठेवला.

"मी वर्गणीदार बोलतेय," पलीकडून आवाज आला. "या अंकाला नमुना नाही."

आत्या टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग खुर्चीत बसली, पाठ सरळ केली.

"पोस्टाचे नियम बदललेत," ती म्हणाली. "त्याऐवजी फोटो दिलाय. शेवटचं पान बघा."

"फोटो मला दिसत नाही."

"छपाई चांगली आहे. बाकी कुणाची तक्रार नाही."

"छपाईला नावं ठेवत नाहीये मी. मला दिसत नाही. काही वर्षं झाली. सून पाकीट फोडून देते."

मी खिडकीकडे बघत राहिले. कुठे बघावं हेच समजत नव्हतं.

"मग अंक कशाला घेता?" आत्याने विचारलं. आवाज संपादकबाईंचाच होता, पण फार बारीक.

"नमुन्यासाठी. मागच्या वेळी तिसऱ्या ओळीत पाचवा टाका उलट होता, तिथे सुलट हवा. त्याच्या आधी शेवटच्या ओळीत, काठाला. त्याच्या आधी बरोबर मधोमध. दर वेळी एक. आधी वाटलं, तुझं कधी सुधारणारच नाही. मुद्दाम करतेस का गं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मला वाटलंच होतं," थोरली म्हणाली. मग घसा साफ केला आणि पुन्हा वर्गणीदार झाली. "या अंकाचा नमुना पाठवून द्यावा. वर्गणी पूर्ण भरलेली आहे."

फोन ठेवला गेला. आत्या टॉवेलने हात पुसत राहिली, हात केव्हाच कोरडे झाले होते. मी इतकी वर्षं त्या चुकांवर डिंक लावत आले, मनातल्या मनात हिला दूषणं देत आले, आणि ही दर तीन महिन्यांनी बहिणीच्या हातात एक टाका ठेवत होती, शोध म्हणून. आणि ती शोधत होती. इकडे हिला माहीत नव्हतं की तिला सापडतोय, तिकडे तिला खात्री नव्हती की ही ठेवतेय. मला रडू आलं आणि रागही आला. दोघींना एकेक ठेवून द्यावीशी वाटली. एवढं सगळं करण्यापेक्षा बोलायचं ना.

मी पत्र्याची डबी पुढे केली. आत्याने ती बाजूला सारली. हा नाही, म्हणाली, दुसरा विणते.

दुसरा विणायला तिला फार वेळ लागला. पुढच्या सुट्टीला मी गेले तेव्हा पाकीट तयार होतं, वर तिच्या अक्षरात थोरलीचा पत्ता, पण तोंड उघडं. चल, म्हणाली. पोस्टात मोजपट्टी होते. आम्हाला बघून ते उभेच राहिले, आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाले की बरं झालं आलात, मी शोधून काढलंय. त्यांनी म्हणे तेव्हापासून रोज थोडे थोडे नियम वाचले होते. एखादाच तुकडा असेल, सोबत अंक नसेल, आणि तो विकायचा नसेल, तर तो नमुन्याच्या वर्गात जाऊ शकतो, माल लिहून द्यायची गरज नाही. दरही कमी. सापडल्याचा त्यांना एवढा आनंद झाला होता की मलाही बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी नक्की माहीत होतं.

आत्याने पाकीट खिडकीतून आत सरकवलं. "पत्राचं तिकीट द्या," म्हणाली.

मोजपट्टींनी पाकिटात डोकावून बघितलं. तुकडा बाहेर काढला, मग पाकीट पालथं करून झटकलं. आत दुसरं काही नव्हतं. त्यांनी आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला होता.

"बाई, यात पत्र कुठंय? एक अक्षर लिहिलेलं नाही. हा नमुना आहे. त्या वेळी तुम्हीच म्हणत होतात, हे पत्र नाही."

"तेव्हा नव्हतं," आत्या म्हणाली. "आता आहे. बहिणीला पाठवतेय."

त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी वाद घातला नाही. मोजपट्टीसुद्धा काढली नाही. तिकीट फाडून दिलं, आणि तुकडा परत पाकिटात घालायला माझ्याकडे दिला. तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. पानांची वेल होती. पहिल्या अंकानंतर तिने ती कधी विणलेली मी बघितली नव्हती. मी थोरलीसारखी डोळे मिटून बोटं फिरवून बघितली. माझ्या बोटांना ओ की ठो कळलं नाही, म्हणून डोळे उघडून ओळीमागून ओळ तपासली.

"आत्या, यात चूक कुठे आहे?"

ती तिकिटाला पाणी लावत होती. ते तिने पाकिटाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि अंगठ्याने नीट दाबलं.

"यात नाही," ती म्हणाली. "वेल तिची आहे. तिच्या वेलीत मी कशाला चूक करू?"